मिलुंकाची यजमानकी

मिलुंका पीठ मळायला उभी राहिली की तिची मदतनीस झागोर्का रेडिओ बंद करायची. मळताना मिलुंकाला दुसरा आवाज चालत नसे. पीठ तयार झाले की ते हाताखाली कुरकुरायचे थांबते, ते ऐकू यावे लागते, असे ती म्हणे. तोवर थांबायचे नाही. बहुतेक माणसे इथेच चुकतात. हात दुखायला लागले की त्यांना वाटते, पीठ झाले.

ब्रेझ्नाच्या शेतकी कॉलेजच्या खाणावळीत तिची हयात गेली. वसतिगृहातली पोरे, प्राध्यापक, द्राक्षमळ्यातले मजूर, सगळ्यांचे जेवण तिच्या हातचे. तिचा नवरा रादिसाव त्याच कॉलेजच्या तळघरात वाइनची पिंपे बांधायचा. फळ्यांना तो खिळा लावत नसे, डिंकही लावत नसे. फळी फळीला धरून बसली पाहिजे, नाहीतर ते पिंप नव्हे, असे त्याचे म्हणणे. कामाच्या बाबतीत दोघांचे एकमत होते. बाकी फारशा बाबतीत नव्हते.

तो गेला तेव्हा मुलगा द्रागोश परदेशात, लिंझला बांधकामावर होता. बापामागे घरची स्लावा मुलाने धरायची असते. प्रत्येक घराचा एक संत, त्या संताचा एक दिवस. त्या दिवशी मेणबत्ती लावायची, पाव मोडायचा, आल्यागेल्याला जेवू घालायचे. द्रागोश फोनवर म्हणाला, “आई, इथं त्या दिवशी सुट्टी नसते. आणि एका खोलीत आम्ही चौघं. मेणबत्ती लावू कुठं, बादलीवर?”

मग मिलुंकाने स्वतःच लावली. पहिल्या वर्षी लोक आले. पुढे कमी होत गेले. घरात पुरुष नाही, बसायचे कुणाजवळ, असा लोकांचा विचार. एका वर्षी ती भरल्या ताटांपुढे दिवसभर बसून राहिली आणि कुणीच आले नाही. तिने वाइनचे थेंब टाकून मेणबत्ती विझवली आणि पुन्हा कधी लावली नाही. तिच्या घरची मेणबत्ती विझली, असे लोक म्हणू लागले. ब्रेझ्नात एखाद्या घराबद्दल याहून वाईट बोलता येत नाही.

तिहोमिर येरोतिच सरांना हे ठाऊक होते. ते कॉलेजचे प्राचार्य. तरुणपणी मास्तर म्हणून आले तेव्हापासून मिलुंकाच्या हातचे जेवत होते. कॉलेजचीही स्लावा असते, जानेवारीच्या शेवटी, संत सावांच्या दिवशी. घरच्या स्लावेचा यजमान एकच. कॉलेजचा दरवर्षी बदलतो. पाद्री आणि यजमान मिळून पाव मोडतात. मग यजमान अर्धा भाग पुढे करून विचारतो, कोण घेतो? जो घेईल तो पुढच्या वर्षीचा यजमान. आजवर तो अर्धा प्राध्यापकांतच फिरला होता.

मागच्या वर्षी सर यजमान होते. त्यांनी कुणालाच विचारले नाही. अर्धा पाव घेऊन ते सरळ दारापाशी गेले. तिथे मिलुंका सुपाचे पातेले घेऊन उभी होती.

“मावशी, यंदा तुमच्याकडे.”

“सर, मी स्वयंपाकघरातली बाई...”

“संतांनाही कुणीतरी रांधून घालतच असेल की. पातेलं ठेवा खाली आणि हे धरा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वनस्पतिशास्त्राच्या लेपोसावाबाई रडल्या. त्यांना रडायला फार लागत नाही; पण मिलुंकानेही एप्रनने डोळे टिपले, आणि ती कधी रडणारी नव्हती. तो अर्धा पाव तिने घरी नेला आणि एकटीने खाल्ला, कणही सांडला नाही. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये तिची नोकरी संपणार होती. तिने मनाशी ठरवले, एकदा आपल्या हाताने मेणबत्ती लावायची, भरल्या सभागृहात पाव मोडायचा, पुढच्या यजमानाच्या हातात अर्धा द्यायचा. मग घरी बसायला हरकत नाही.

वर्षभर तिच्या डोक्यात तेच होते. अक्रोड तिने स्वतः झोडले, स्वतः फोडले. गहू कुणाच्या शेतातला घ्यायचा हे उन्हाळ्यातच बघून ठेवले.

त्या हिवाळ्यात सरकारच्या निषेधार्थ प्राध्यापक दुपारी अंगणात येऊन गप्प उभे राहू लागले होते. देशभरच चालले होते ते. वरून निरोप आला, हे थांबवा. येरोतिच सरांनी थांबवले नाही. कोट घातला आणि स्वतःही जाऊन उभे राहिले.

जानेवारीत सुट्टी संपून कॉलेज उघडले त्याच सकाळी एक गाडी आली. मिलुंकाने घेवडा नुकताच चुलीवर चढवला होता. कोट घातलेली दोन माणसे वर गेली. घेवड्याचे पहिले पाणी उकळून ओतून दिले, दुसरे घातले, त्याला कढ येतोय तोवर येरोतिच सर मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले. हातात छत्री होती.

“मावशी, माझा कप असेल बघा इथं.”

तिने कप पुसला आणि दिला. “जेवून जा, सर.”

“आज नको.”

“घेवडा आहे.”

“वास येतोय,” ते म्हणाले. थोडा वेळ तिथेच उभे राहिले. स्लावेबद्दल ते काही बोलले नाहीत. तिनेही विचारले नाही. कप खिशात मावत नव्हता म्हणून हातात धरून ते बर्फातून फाटकाकडे गेले.

झागोर्का बटाटे सोलत होती. ती म्हणाली, “एवढी वर्षं खुर्चीवर बसला बिचारा, नि नेलं काय, तर कप.”

“सोल तू,” मिलुंका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवे प्राचार्य आले. मिलुंकाने वर पाहिले आणि हातातला डाव खाली ठेवला. तो स्रेच्को होता. डोंगरातल्या एका वाडीतून वसतिगृहात आलेला, हिवाळ्यात कॅनव्हासचे बूट घालणारा पोरगा. जेवणानंतर मागच्या दाराशी येऊन पावाच्या कडा मागायचा. मिलुंका त्याला कडा देत नसे, अख्खा पाव द्यायची. आता अंगावर सूट होता आणि पोट सुटले होते.

“मावशी! ओळखलंत का?”

“कडा मागायला आलास का रे?”

तो मोठ्याने हसला, तिच्या गालांना तीनदा गाल लावले. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघा, मला इथं पाठवलंय, मी आलोय. लोक काय काय बोलतात. पण तुमच्या बाबतीत एक सांगतो. यजमानकी तुमचीच. ठरलंय तसंच होईल. मी काही बदलणार नाही.”

“बदलणार नाही म्हणे,” तो गेल्यावर झागोर्का पुटपुटली. “प्राचार्य तेवढा बदलला.”

पण मिलुंकाच्या छातीवरचा दगड उतरला होता. तिला वाटले, संत तोच आहे, सभागृह तेच आहे, पाव मीच करणार आहे. वरच्या मजल्यावरचे वरच्या मजल्यावर.

लेपोसावाबाई रोज सकाळी कॉफी प्यायला खाली यायच्या. त्या आठवड्यात त्या कमी बोलत. एकदा कॉफी संपल्यावर गाळात भविष्य पाहायला कप बशीत पालथा घालून म्हणाल्या, “मावशी, स्लावा... करणार तुम्ही?”

“करणार म्हणजे? यजमान मी आहे.”

“तो असणार?”

“प्राचार्य आहे. असणार.”

“हं,” लेपोसावाबाई म्हणाल्या. त्यांनी कप सरळ केला, आतला गाळ पाहिला आणि गेल्या.

झागोर्काने सुरी खाली ठेवली. “अगं, एक शब्द टाकायचा होतास! म्हणायचं, या हं बाई नक्की. तुझं काय जात होतं?”

“स्लावेला बोलावत नाहीत.”

“ते घरी.”

“सगळीकडे. बोलावून माणसं लग्नाला आणतात. स्लावेला माणूस आपल्या पायानं येतो. मी बोलावलं म्हणजे, तुम्ही याल याची मला खात्री नाही, असं तोंडावर सांगितल्यासारखं.”

“आणि आहे खात्री?”

मिलुंका उठली. तिने गव्हाचे पोते उघडले.

स्लावेचा गव्हाचा गोड प्रसाद म्हणजे झितो. त्याचा गहू निवडायला बसले की मान मोडून येते. एकेक दाणा पाहावा लागतो. एक खडा राहिला तर तो बरोबर पाद्र्याच्या दाताखाली जातो. मग तीन पाण्यांत धुवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि ढवळायचा नाही. न ढवळणे हेच कष्टाचे. मग पांढऱ्या कापडावर पसरून कोरडा करायचा, दळायचा, अक्रोड आणि साखर घालून मळायचा. सगळ्या कॉलेजला पुरेल एवढे तिने एकटीने केले. झागोर्का मदतीला आली की ती म्हणे, “तू सारमा वळ.” झागोर्का कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत बसली.

पाव तिने आदल्या दिवशी केला. रेडिओ बंद होता. वर कणकेचे कबूतर केले, द्राक्षाचा घोस केला, गव्हाची ओंबी केली आणि एका कडेला छोटे पिंप बसवले. पिंपाच्या फळ्या सुरीच्या टोकाने ओढल्या. रादिसावने त्यात खोट काढली असती, पण पिंप आहे एवढे कळत होते.

संत सावांच्या दिवशी वर्ग नसतात. सकाळी तिने सभागृहात लांब टेबले लावली, सासूने भरतकाम केलेले कापड मधल्या टेबलावर घातले, त्यावर पाव, झितो, वाइन आणि मेणबत्ती. चांगला झगा घातला. दारापाशी जाऊन उभी राहिली.

पाद्रीबाबा आले. स्रेच्को आला, त्याच्याबरोबर नगरपालिकेतले दोघे आणि एक कॅमेरावाला. बास.

अंगणात रात्री बर्फ पडला होता. त्यावर एका गाडीच्या चाकांचे आणि पाद्रीबाबांच्या बुटांचे ठसे होते. मिलुंका खिडकीतून ते पाहत राहिली. दुसरे ठसे उमटेनात.

स्रेच्को घड्याळ बघत फेऱ्या मारत होता. “मावशी, येतील ना लोक?”

“येतील.”

“नाही, यायलाच पाहिजेत. मी नोटीस लावलीये.”

मिलुंकाने मान वळवली. “कसली नोटीस?”

“स्टाफरूममध्ये. सर्वांनी उपस्थित राहावे, दारात सही करावी. न येणाऱ्यानं कारण लेखी द्यावं.”

“स्लावेला?”

“तुमच्यासाठीच केलं, मावशी! तुमच्या वेळी सभागृह रिकामं दिसू नये म्हणून.”

तिने त्या पोराला अख्खे पाव खायला घातले होते. त्याच्या वाडीवर स्लावा होत नव्हती असे नाही. होत होती. त्याला माहीत होते. पण खुर्चीत बसले की माणसाला वाटते, हुकुमानेही पाहुणे येतात.

“अरे, कुणी येणारा असता तोही आता येणार नाही,” ती म्हणाली.

“असं का म्हणता?”

“तू बस. पाद्रीबाबांना राकियाचा पेला दे.”

आणखी वाट पाहिली. पाद्रीबाबांनी दोनदा खोकून दाखवले. त्यांना पुढे दुसऱ्या शाळेत जायचे होते. “मिलुंका,” ते हळू म्हणाले, “लाव मेणबत्ती. संत माणसं मोजत नाहीत.”

तिने लावली. पाद्रीबाबांनी मंत्र म्हटले, त्यांच्या आवाजाला रिकाम्या सभागृहात प्रतिध्वनी येत होता. पाव उलटा करून त्यांनी त्यावर क्रूस कापला, वाइन ओतली. मग दोघांनी पाव धरून गोल फिरवला आणि मोडला. सरळ मोडला. कबूतर एका बाजूला राहिले, पिंप दुसऱ्या. पिंपाचा अर्धा मिलुंकाच्या हातात होता.

तिने तो पुढे केला. “कोण घेतो?”

नगरपालिकेतले दोघे बुटांकडे पाहू लागले. ते कॉलेजचे नव्हतेच.

“कोण घेतो?” तिने झागोर्काकडे पाहिले.

झागोर्का एक पाऊल मागे सरली. “मला नको गं, बाई. माझी नोकरी वर्षावर्षाची. पुढच्या साली मी इथं असेन की नाही, देव जाणे.”

मिलुंकाने दाराकडे पाहिले. येरोतिच सर येतील, असे तिला त्या क्षणापर्यंत वाटत होते. बाकी कुणी येवो न येवो. हा पाव त्यांनीच तिच्या हातात दिला होता, आणि तिच्या घरी काय झाले होते ते त्यांना ठाऊक होते. दार लावलेले होते.

“कोण घेतो?” तिसऱ्यांदा ती विचारत नव्हती, नुसते तोंडातून निघाले.

“द्या, मावशी,” स्रेच्को म्हणाला. “मी घेतो.”

तिने पाव लगेच सोडला नाही. त्याला देणे म्हणजे काय, हे तिला कळत होते. वर बसलेल्या माणसांनी त्याला खुर्ची दिली होती; पाव मिळाला की कॉलेजनेच त्याला आपले म्हटल्यासारखे होणार होते. पण न देणे म्हणजे काय, हेही तिला कळत होते. यजमानाशिवाय स्लावा विझते. एक मेणबत्ती तिच्या हाताने विझली होती. दुसरी विझवायची तिच्यात ताकद नव्हती.

तिने दिला. कॅमेऱ्याचा उजेड पडला. पाव उघडा कसा न्यायचा म्हणून तिने सासूचे कापड त्याभोवती गुंडाळून दिले. मग मेणबत्तीवर वाइनचे थेंब टाकले.

सोमवारी प्राध्यापक जेवायला खाली आले. स्थानिक वर्तमानपत्र टेबलावर पडले होते. पहिल्या पानावर मिलुंका आणि स्रेच्को, मध्ये पाव. वर मोठ्या अक्षरांत: शेतकी कॉलेजात सारे सुरळीत.

लेपोसावाबाईंनी सूप घेतले, पण पाव घेतला नाही. “आम्ही सगळे येरोतिच सरांकडे होतो, मावशी,” त्या म्हणाल्या. “एकटे होते ते. आम्हाला वाटलं, तुम्हीही याल.”

“मी यजमान होते.”

“हो, पण नोटीस लावून... सही करून... आम्ही कसं यायचं? तुम्हाला कळायला हवं होतं.” मग खाली बघत म्हणाल्या, “त्याच्या हातात देण्यापेक्षा तुम्ही पाव घरी नेला असता तरी चाललं असतं.”

त्या रडल्या नाहीत. त्या दिवसापासून सकाळची कॉफीही त्या वरच पिऊ लागल्या.

झितो तसेच उरले होते. टाकायचे नसते. मिलुंकाने वाडग्यात भरले, वर चमचा ठेवला आणि येरोतिच सरांच्या घरी गेली. ते अंगणातला बर्फ काढत होते. फावडे चुकीचे धरले होते, सगळा भार कंबरेवर घेत होते.

“सर, झितो आणलंय.”

त्यांनी फाटक उघडले. टोपी काढली, क्रूसाची खूण केली, चमचाभर खाल्ले. “छान झालंय.”

तिने वाडगा तसाच पुढे धरून ठेवला.

“मावशी, मी आलो नाही ते तुमच्यासाठीच. मी दारात दिसलो असतो तर त्यांनी तुम्हाला काढलं असतं.”

“मी जूनमध्ये जातेच आहे, सर. तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी चमचा पुसला आणि वाडग्यावर ठेवला. मग म्हणाले, “पाव त्याला का दिलात?”

“तुम्ही नव्हता.”

“दुसऱ्या कुणाला...”

“दुसरं कुणीही नव्हतं, सर. सगळे तुमच्याकडे होते.”

त्यांनी फावडे उचलले, पुन्हा खाली ठेवले. आत या, असे ते म्हणाले नाहीत. वाडगा तिने फाटकाच्या खांबावर ठेवला आणि परत फिरली. पाठीमागे फावड्याचा आवाज बराच वेळ सुरू झाला नाही.

मे महिन्यात स्रेच्कोला वर घेतले, राजधानीत, मोठ्या जागी. जाताना त्याने सगळ्यांशी हस्तांदोलन केले. मिलुंका तेव्हा बाजारात गेली होती. कुणी तिच्यासाठी थांबले नाही. त्याच्या जागी एक बाई आल्या, दुसऱ्या गावच्या, कुणाच्या ओळखीच्या नाहीत.

कामाच्या शेवटच्या दिवशी मिलुंका वर गेली. सासूचे कापड परत हवे होते.

“कसलं कापड?” नव्या प्राचार्यबाई म्हणाल्या. “बघा त्या कपाटात. मी अजून उघडलेलं नाही.”

कापड खालच्या फळीवर होते, जसे तिने गुंडाळले होते तसेच. गाठ सुटलेली नव्हती. आत अर्धा पाव होता, दगडासारखा कडक, खालून हिरवा. कणकेचे पिंप फुटून सुटे झाले होते. तो पाव त्याच दिवशी घरच्यांसोबत खायचा असतो. स्रेच्कोने तो कपाटात ठेवला आणि विसरला.

“हे काय आहे?” बाईंनी नाकाला रुमाल लावला.

“कॉलेजची स्लावा,” मिलुंका म्हणाली.

आता तिचा यजमान कोण, हे बाईंनी विचारले नाही. त्यांना विचारायचे सुचलेही नसावे.

मंत्रलेला पाव कचऱ्यात जात नाही. खाण्यासारखा राहिला नसेल तर जाळायचा. मिलुंका खाली आली, चुलीचे झाकण काढले, पाव निखाऱ्यांवर ठेवला. झागोर्काने न सांगता रेडिओ बंद केला.

पाव नीट मळलेला होता. तो लवकर पेट घेईना. आधी कडा काळ्या झाल्या, मग धूर आला. तो संपेपर्यंत मिलुंका चुलीपुढून हलली नाही.